शोधनिबंधाला मार्क किती?
रायचौधुरींच्या चार पानांची गोष्ट

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. "सर, मोठा शास्त्रज्ञ कोण हे ठरवतात कसे? त्यांनाही आमच्यासारखे मार्क असतात का?" आम्हालाही हा प्रश्न अनेकदा विचारला गेला आहे. पूर्वी आम्ही "नाही रे बाबा, ते आपल्याच पिढीला भोगावे लागते" असे हसून सांगत असू आणि पुढच्या धड्याकडे वळत असू. पण आता तसे सांगणे खरे ठरणार नाही. शास्त्रज्ञांना मार्क असतात. ते कुणी परीक्षक देत नाही. इतर शास्त्रज्ञांच्या लेखांच्या शेवटी बारीक टाइपात जी संदर्भांची यादी असते, तिच्यातून ते मोजून काढले जातात. कुणाला नोकरी मिळायची, कुणाला बढती द्यायची, कुणाच्या प्रकल्पाला पैसे द्यायचे, हे ठरवताना आज जगभर या आकड्यांकडे पाहिले जाते.

हे मार्क कितपत खरे बोलतात? नुसता तर्क लढवण्यापेक्षा एखादे उदाहरण शेवटपर्यंत तपासावे, असे आम्हाला वाटले. उदाहरण आपल्याच देशातले आहे, गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्र या विषयातले आहे, आणि त्याचा नायक एक शिक्षक आहे.

१९५५ : दोन लेख

१५ मे १९५५ च्या 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकी नियतकालिकात चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. शीर्षक साधे होते : 'सापेक्षतावादी विश्वरचनाशास्त्र, भाग १'. लेखक होते कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी. त्यांचे वय तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरेटची पदवी नव्हती.

बरोबर दोन महिन्यांनी, १५ जुलै १९५५ रोजी, 'सायन्स' या साप्ताहिकात यूजीन गारफील्ड यांचा एक लेख आला. त्याचा गुरुत्वाकर्षणाशी काही संबंध नव्हता. गारफील्ड यांची कल्पना अशी होती : एखादा शोधनिबंध वाचला की त्याच्या शेवटी आधीच्या कामाची यादी सापडते, म्हणजे आपण भूतकाळात जाऊ शकतो. पण या निबंधाचा उपयोग पुढे कुणी केला, हे शोधायला काहीच साधन नाही. मग सगळ्या याद्या उलट्या करून एक सूची का करू नये? जुन्या निबंधाचे नाव काढले की त्याच्याखाली त्याचा उल्लेख करणाऱ्या नव्या निबंधांची नावे दिसतील. ही कल्पना त्यांनी वकिलांकडून उचलली होती. अमेरिकेत एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे सांगणारी 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची १८७३ पासून निघत होती.

१९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या गारफील्ड यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापायला सुरुवात केली. सायटेशन म्हणजे संदर्भ-उल्लेख. मूळ हेतू ग्रंथपालाचा होता : वाचकाला हवा तो लेख सापडावा. पण ज्या वहीत नावे लिहिली जातात त्या वहीतली नावे मोजण्याचा मोह होतोच. लवकरच सूचीचा वापर शोधण्यासाठी कमी आणि मोजण्यासाठी जास्त होऊ लागला.

म्हणजे रायचौधुरींचा निबंध आणि त्याचे मोल मोजणारी फूटपट्टी, दोघांचा जन्म एकाच वर्षी झाला. तेव्हा या फूटपट्टीने हा निबंध मोजून पाहायला हरकत नाही.

कलकत्त्याचे मास्तर

अमलकुमार रायचौधुरी यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ रोजी बारिसाल येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील कलकत्त्यात शाळेत गणित शिकवत. अमलकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९४२ मध्ये बी. एस्सी. आणि कलकत्ता विद्यापीठातून १९४४ मध्ये एम. एस्सी. झाले. नंतर ते 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत संशोधक विद्यार्थी म्हणून लागले. तिथे त्यांनी चार वर्षे प्रयोगशाळेत घालवली, पण हाती काहीच लागले नाही. प्रयोग हा आपला प्रांत नव्हे, हे त्यांना कळून चुकले.

मग त्यांनी आशुतोष कॉलेजात शिकवायला सुरुवात केली आणि उरलेल्या वेळात आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत स्वतःच अभ्यासायला घेतला. त्या काळात या विषयाला फारसे गिऱ्हाईक नव्हते. सिद्धांत सुंदर आहे हे सगळ्यांना मान्य होते, पण तो तपासायला मोजकीच निरीक्षणे उपलब्ध होती. तरुण भौतिकशास्त्रज्ञ अणुकेंद्राकडे आणि घनपदार्थांकडे वळत होते. १९५२ च्या सुमारास रायचौधुरी संशोधन अधिकारी म्हणून पुन्हा असोसिएशनमध्ये आले. तिथे त्यांनी धातूंच्या गुणधर्मांवर काम करावे अशी अपेक्षा होती आणि तेही त्यांना करावे लागले. सापेक्षतेचे काम त्यांनी यातूनच वेळ काढून केले.

शिक्षक वाचकांना ही स्थिती ओळखीची वाटेल. ज्यासाठी पगार मिळतो ते काम वेगळे आणि मन ज्यात गुंतले आहे ते वेगळे.

प्रश्न काय होता?

१९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमन यांनी आणि १९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणाऱ्या विश्वाची उत्तरे काढली होती. या उत्तरांमध्ये मागे मागे जात गेले तर असा क्षण येतो की, घनता अनंत होते आणि समीकरणे काही सांगेनाशी होतात. या स्थितीला 'सिंग्युलॅरिटी' म्हणतात.

पण या उत्तरांसाठी एक गोष्ट गृहीत धरली होती : विश्व सगळीकडे आणि सर्व दिशांना अगदी सारखे आहे. साहजिकच पुष्कळांना शंका वाटे की, ही अनंत घनता निसर्गातली नसून आपल्या गृहीतातून आलेली असावी. वर्गातली सगळी मुले गोल करून एका बिंदूकडे नेम धरून धावली तर मधोमध टक्कर होणारच. पण प्रत्येकाचा नेम थोडा थोडा चुकला, तर ती एकमेकांच्या बाजूने निसटून जातील. विश्वातही थोडी असमानता धरली तर सिंग्युलॅरिटी नाहीशी होईल, असा हा विचार. त्यातच १९४९ मध्ये गोडेल यांनी फिरणाऱ्या विश्वाचे एक उत्तर काढून दाखवले होते. तेव्हा असमानता आणि फिरकी यांचा नेमका परिणाम काय होतो, हा प्रश्न समोर होता.

रायचौधुरींनी सारखेपणाचे गृहीत सोडून दिले आणि विचारले : आता काय होते?

खडूच्या भुकटीचे समीकरण

त्यांनी काढलेले समीकरण वर्गात चिन्हांशिवाय सांगता येते. कल्पना करा, अवकाशात खडूच्या भुकटीचा एक छोटा पुंजका मोकळा सोडला आहे. प्रत्येक कणावर फक्त गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो आहे. या पुंजक्याचे आकारमान ज्या दराने वाढते किंवा घटते, तो दर पुढे कसा बदलेल? रायचौधुरींचे समीकरण सांगते की तो चार गोष्टींनी बदलतो.

पहिली गोष्ट म्हणजे खुद्द तो दर. त्याचा वर्ग करून तिसरा हिस्सा घेतला की तेवढा परिणाम नेहमी आकुंचनाच्या बाजूने होतो. दुसरी गोष्ट म्हणजे चेपणे : गोल पुंजका एका दिशेने लांबत आणि दुसऱ्या दिशेने दबत असेल, तर त्याचाही परिणाम आकुंचनाच्याच बाजूने होतो. तिसरी गोष्ट फिरकी. पुंजका स्वतःभोवती फिरत असेल तर तो परिणाम आकुंचनाच्या विरुद्ध असतो. चौथी गोष्ट म्हणजे तिथे असलेले द्रव्य. नेहमीच्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण अर्थातच आकुंचनाच्या बाजूने असते.

आता फिरकी नाही असे समजू. मग उरलेल्या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला आहेत. समजा, पुंजक्याचे आकारमान आज वर्षाला १ टक्का या दराने घटते आहे. हा दर असाच राहिला तर आकारमान कधीच शून्य होणार नाही. उलट्या चक्रवाढ व्याजासारखे ते कमी कमी होत राहील, पण संपणार नाही. परंतु समीकरण सांगते की दर तसाच राहू शकत नाही, तो वाढत जातो. सोपे गणित केले तर असे निघते की, दराचा व्यस्तांक घ्यायचा आणि त्याची तिप्पट करायची. या उदाहरणात ती ३०० वर्षे येते. पुंजका ३०० वर्षांच्या आत एका जागी गोळा झालाच पाहिजे. द्रव्य आणि चेपणे जितके जास्त, तितका आणखी लवकर.

म्हणजे असमानतेमुळे सुटका होत नाही. उलट चेपण्यामुळे संकट लवकर येते! विरोध करू शकते ती फक्त फिरकी. हा निष्कर्ष त्या काळी अनेकांच्या अपेक्षेच्या उलट होता.

हाच हिशेब घड्याळ उलटे फिरवून विश्वाला लावता येतो. आज विश्व प्रसरण पावते आहे, म्हणून भूतकाळाकडे जाताना ते आकुंचन पावते आहे. प्रसरणाच्या आजच्या दरावरून ही मर्यादा सुमारे १४०० कोटी वर्षे येते. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचा शोध लागला. याला कारणीभूत असणाऱ्या 'कृष्ण ऊर्जे'चा परिणाम चौथ्या गोष्टीत उलट्या चिन्हाने येतो. त्यामुळे आजच्या विश्वाला हा साधा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. पण ही ऊर्जा कुठे आणि कशी शिरते हे पाहायलाही समीकरण तेच वापरावे लागते.

दहा वर्षांची शांतता

आता उल्लेखांची वही उघडू. १९५५ नंतर या निबंधाची दखल पहिल्यांदा घेतली ती जर्मनीत. हॅम्बर्गला हेकमान आणि शुकिंग हे फिरणाऱ्या विश्वांचा विचार करत होते. त्यांना हे काम लगेच उपयोगी वाटले. हॅम्बर्गमध्येच पास्कुआल योर्दान यांचा गट होता. त्या गटातल्या युर्गेन एलर्स यांनी १९६१ मध्ये हे समीकरण अधिक व्यापक रूपात मांडले. पण ते जर्मन भाषेत होते आणि एका अकादमीच्या प्रकाशनात छापले होते. इतरत्र फारशी हालचाल नव्हती. १९६० साली कुणी रायचौधुरींच्या उल्लेखांची बेरीज केली असती तर ती फार मोठी आली नसती.

दरम्यान रायचौधुरींनी १९५९ मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्याच्या परीक्षकांत प्रिन्स्टनचे जॉन व्हीलर होते. १९६१ मध्ये रायचौधुरी प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यात रमले.

मग बाहेरचे जग बदलले. १९६३ मध्ये क्वेसार ओळखले गेले. एवढीशी जागा आणि एवढी प्रचंड ऊर्जा, हे कोडे गुरुत्वीय आकुंचनावाचून सुटेना. १९६५ मध्ये विश्वाच्या उष्ण आरंभाची खूण असलेले सूक्ष्मतरंगांचे पार्श्वभूमी प्रारण सापडले. आता सिंग्युलॅरिटीचा प्रश्न नुसता गणिती राहिला नाही. १९६३ मध्ये लिफशिट्झ आणि खलातनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी सर्वसाधारण स्थितीत सिंग्युलॅरिटी येत नाही असे प्रतिपादन केले होते. त्यामुळे वादही पेटला होता. पुढे त्यांनी तो निष्कर्ष मागे घेतला.

जानेवारी १९६५ मध्ये रॉजर पेनरोझ यांनी तीन पानांचा एक निबंध लिहून दाखवले की, कोसळणारा तारा एका मर्यादेपलीकडे गेला की सिंग्युलॅरिटी टळत नाही. मग तो तारा सारखा गोल असो वा नसो. स्टीफन हॉकिंग यांनी याच धर्तीवर विश्वाच्या आरंभाचा विचार केला. या सिद्धतांमध्ये प्रकाशकिरणांची किंवा कणमार्गांची जुडी एकत्र येणारच, हे जिथे सांगायचे असते तिथे रायचौधुरींचे समीकरण लागते. फिरकीची अडचण त्यांनी हुशारीने टाळली : ज्या जुडीत फिरकी नसतेच अशीच जुडी निवडायची. १९७३ मध्ये हॉकिंग आणि एलिस यांचा अवकाश-कालाच्या रचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ आला आणि 'रायचौधुरी समीकरण' हे नाव पाठ्यपुस्तकी झाले. २०२० मध्ये पेनरोझ यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. रायचौधुरी त्याआधीच, १८ जून २००५ रोजी, निवर्तले होते.

निबंधातली चार पाने १९५५ मध्ये जी होती तीच १९७५ मध्येही होती. त्यांच्यातले सत्य वाढले नाही की कमी झाले नाही. बदलले ते इतरांना पडलेले प्रश्न. उल्लेखांची संख्या निबंधाविषयी जितके सांगते, तितकेच ती त्या वेळी किती लोक त्या दिशेने चालले होते याविषयीही सांगते.

काशीची गोष्ट

रायचौधुरींचे उदाहरण अपवाद म्हणून सोडून देता येईल काय? आम्हाला तसे वाटत नाही. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. पं. मदनमोहन मालवीयांनी त्यांना बोलावले होते. जयंत नारळीकर यांचे ते वडील. कुणीही फारसे विचारत नव्हते त्या काळात त्यांनी काशीत सापेक्षतेच्या संशोधनाची एक शाळाच उभी केली.

१९४२ मध्ये प्रह्लाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण नारळीकरांकडे आला. बरोबर पत्नी आणि तान्ही मुलगी होती. शिष्यवृत्ती नव्हती, साठवलेल्या पैशांवर दहा महिने काढले. या दहा महिन्यांत वैद्यांनी एक जुना प्रश्न सोडवला. १९१६ मध्ये श्वार्ट्झशिल्ड यांनी ताऱ्याबाहेरच्या गुरुत्वीय क्षेत्राचे उत्तर काढले होते, पण त्यात ताऱ्याचे वस्तुमान कायम धरले होते. खरा तारा तर प्रकाश बाहेर टाकतो आणि त्याबरोबर त्याचे वस्तुमान घटते. आपला सूर्यच दर सेकंदाला सुमारे ४३ लाख टन वस्तुमान प्रारणरूपाने गमावतो. अशा तेजस्वी ताऱ्याबाहेरचे क्षेत्र कसे असेल, ते वैद्यांनी काढले. १९४३ मध्ये बंगलोरच्या 'करंट सायन्स'मध्ये तो छोटासा निबंध छापला गेला.

महायुद्ध चालू होते. परदेशी ग्रंथालयांत भारतीय अंक पोहोचणे कठीण होते. विषयही दुर्लक्षित होता. वैद्यांनी १९५१ आणि १९५३ मध्ये ते काम पुढे नेले, पण त्याला खरी मागणी आली ती क्वेसार सापडल्यावर. पुढे १९७४ मध्ये हॉकिंग यांनी कृष्णविवरेही प्रारण टाकतात असे दाखवले. तेव्हा वस्तुमान गमावणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन करायला वैद्यांचे उत्तर तयारच होते. वैद्य मात्र आयुष्यभर शिक्षकच राहिले. गुजरातेत त्यांनी गणित मंडळ उभारले आणि शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी 'सुगणितम्' हे नियतकालिक चालवले. १९७८ ते १९८० या काळात ते गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू होते, तेव्हाही सायकलवरून कचेरीत जात.

नारळीकरांबरोबर निबंध लिहिणाऱ्या के. आर. करमरकर यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९४८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांनी वक्र अवकाश-कालाविषयी एक गणिती अट मांडली. कित्येक दशके ती जवळजवळ कुणाच्या लक्षात नव्हती. २०१५ नंतर अतिघन ताऱ्यांची गणिती प्रारूपे करणाऱ्यांना ती एकाएकी सोयीची वाटली आणि 'करमरकर अट' हे शब्द निबंधांच्या शीर्षकांत दिसू लागले. निबंध छापून तेव्हा जवळपास सत्तर वर्षे झाली होती! अशा निबंधांना अभ्यासकांनी 'निद्रिस्त सुंदरी' असे नाव दिले आहे. ही निद्रा अनोळखी लोकांच्याच वाट्याला येते असेही नाही. आइन्स्टाइन, पोडॉल्स्की आणि रोझेन यांचा १९३५ चा निबंधही अनेक दशके असाच झोपलेला होता.

एका आकड्यात माणूस

२००५ मध्ये, म्हणजे रायचौधुरी गेले त्याच वर्षी, होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एक नवी फूटपट्टी सुचवली. तिला 'एच-निर्देशांक' म्हणतात. ती फळ्यावर करून दाखवण्यासारखी आहे. शास्त्रज्ञाचे निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लिहा. समजा उल्लेख आहेत ५०, २०, ४, ३ आणि १. आता पाहा : निदान तीन उल्लेख असलेले निबंध तीन तरी आहेत. निदान चार उल्लेख असलेले निबंध मात्र चार नाहीत, तीनच आहेत. म्हणून निर्देशांक ३.

कल्पना चांगली आहे. एखादाच गाजलेला निबंध किंवा नुसतीच लांब यादी, दोन्हींचा वरचष्मा ती राहू देत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञाला कायम नेमणूक देण्यासाठी १२ च्या आसपास आणि पूर्ण प्राध्यापकपदासाठी १८ च्या आसपास निर्देशांक असावा, असा अंदाजही हिर्श यांनी दिला होता. पण विद्यार्थ्यांना एक उदाहरण घालावे : एका माणसाने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याचे हजार उल्लेख झाले. त्याचा निर्देशांक किती? उत्तर १. ज्याच्या बारा निबंधांना प्रत्येकी बारा उल्लेख आहेत, त्याचा निर्देशांक १२. दोघांपैकी विज्ञान कुणी अधिक पुढे नेले, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. २०२० मध्ये खुद्द हिर्श यांनीच लिहिले की, या निर्देशांकाचे अनपेक्षित दुष्परिणाम झाले आहेत.

आणखी एक अडचण आहे. एखादे काम फारच मूलभूत ठरले की लोक त्याचा उल्लेख करणे सोडून देतात. गुरुत्वाकर्षणाचा नियम वापरताना न्यूटनच्या ग्रंथाचा संदर्भ कोण देतो? 'रायचौधुरी समीकरणानुसार' असे लिहून पुढे जाणारे, पण यादीत १९५५ चा निबंध न देणारे लेख पुष्कळ आहेत. यशाची ही पायरी वहीत नोंदली जात नाही. उलट टोकाला, गुरुत्वीय तरंगांच्या पहिल्या नोंदीचा फेब्रुवारी २०१६ मधला निबंध पाहा. त्याला हजाराहून अधिक लेखक आहेत. त्याच्या प्रत्येक उल्लेखाचे श्रेय हजार जणांच्या खात्यावर पूर्ण पूर्ण जमा करायचे काय? आणि त्या तरंगाच्या शेवटी कृष्णविवराचा जो विरत जाणारा 'नाद' अपेक्षित असतो, तो १९७० मध्येच गणिताने दाखवणाऱ्या बंगलोरच्या सी. व्ही. विश्वेश्वरांच्या खात्यावर किती? योगायोग असा की, तो पहिला तरंग नोंदला गेला १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे रायचौधुरींच्या जन्मदिवशी.

मग वही फाडून टाकावी काय?

नाही. आमचे म्हणणे तसे नाही. याच वहीमुळे आपल्याला कळते की कलकत्त्याच्या निबंधाची दखल आधी हॅम्बर्गने घेतली. तिच्यामुळेच करमरकरांची अट जागी झाल्याचे वर्ष सांगता येते. १९९१ पासून शोधनिबंध संगणकाच्या जाळ्यावर खुले मिळू लागले आणि उल्लेखांच्या सूच्याही तिथे आल्या. आज जिल्ह्याच्या गावातला विद्यार्थीही एखाद्या निबंधाचा मागचा-पुढचा वंशवृक्ष तासाभरात काढू शकतो. वैद्यांच्या काळात हे शक्य असते तर त्यांच्या निबंधाला वीस वर्षे वाट पाहावी लागली नसती, असे वाटते. १९९९ आणि २००० मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने वैद्यांचे आणि रायचौधुरींचे जुने निबंध 'सोनेरी जुने' म्हणून पुन्हा छापले. तेही अशाच कुणी मागचा माग काढल्यामुळे.

वही नकाशासारखी वापरावी, तराजूसारखी नको, एवढेच. शाळेतही आपण हेच अनुभवतो. गुणपत्रिकेवरून मूल कुठे अडखळते ते कळते आणि तेवढ्यापुरती ती उपयोगाची असते. पण मुलगा म्हणजे टक्केवारी असे मानले की आपली नजर अधू होते. जी समिती निबंध न वाचता नुसते आकडे वाचते, तिने १९६० साली रायचौधुरींना धातूंकडेच परत पाठवले असते. आणि आकड्यांच्या दृष्टीने तिचे काही चुकलेही नसते. पुढचा रायचौधुरी आज कुठल्या तरी महाविद्यालयात तात्पुरत्या जागेवर शिकवत असेल, तर त्याला पारखायला शेवटी त्याची चार पाने समजून घेणारा कुणीतरी लागेल. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीरनामा तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हेच सुचवले : नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस जोखू नका, काम पाहा.

तेव्हा पुन्हा कुणी विद्यार्थ्याने विचारले की शास्त्रज्ञांना मार्क असतात का, तर आम्ही "असतात" असेच सांगणार आहोत. आणि लगेच खडूची भुकटी तळहातावर घेऊन तिला विरोध करणारी ती एकमेव गोष्ट कोणती, हे त्यालाच विचारणार आहोत. उत्तर देता आले तर त्याने तो चार पानांचा निबंध खऱ्या अर्थाने वाचला. वहीत त्याची नोंद होणार नाही, पण निबंध लिहिला जातो तो अशा वाचकासाठीच.